आडमुठ्या तळ्याच्या मॅडम

आमच्या घरमालकीण मॅडम माणसांना नावाने हाक मारत नसत. मी जासईच्या एका कंटेनर यार्डात कामाला होतो, म्हणून मी 'जासई'. दारावर मासळी घेऊन येणारी कोळीण 'उरण'. माझ्या आधी वरच्या खोलीत राहणारा मुलगा कामोठ्याला क्लासमध्ये गणित शिकवायचा. तो खोली सोडून गेला तरी 'कामोठे'च राहिला. "कामोठ्यांचं लग्न ठरलं," असं त्या सांगत तेव्हा नवख्या माणसाला वाटे, अख्ख्या गावाचीच वरात निघणार आहे.

तळ्यांना मात्र नावं होती. साधीसुधी तळी नव्हेत. हिमालयात उंचावर, हिमनद्यांच्या अंगाखांद्यावर साचलेली तळी. त्यातलं एक 'लंगडं', एक 'मामा', एक 'सासुरवाशीण' आणि एक 'आडमुठं'. नकाशावर त्यांना फक्त नंबर होते. ही नावं मॅडमनी ठेवलेली. सकाळी चहा घेताना त्या सहज म्हणत, "मामा यंदा सुजलाय. बघायला हवं." घरात कुणी आजारी असल्याच्या सुरात.

जुन्या पनवेलमध्ये गाढी नदीच्या अंगाला त्यांच्या वडिलांचं दुमजली घर होतं. निवृत्त होऊन त्या तिथे परतल्या. खाली त्या एकट्या, वर मी. नोकरीची सगळी वर्षं उत्तरेतल्या एका सरकारी कचेरीत गेलेली. काम एकच, विमानातून काढलेले डोंगरांचे फोटो पाहायचे. दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून दोन भिंगांच्या यंत्रातून बघितले की कागदातून डोंगर वर उठतात, दऱ्या खोल जातात. त्या खोलीत बसून त्यांनी हिमालय पाहिला. कुठे बर्फ मागे सरला, कुठे नवं तळं धरलं, कुठलं तळं फुटायच्या बेतात आहे, याचे अहवाल लिहिले. प्रत्यक्षात मात्र कधी एका हिमनदीवर पाऊल ठेवलेलं नाही. साहेब दरवर्षी म्हणत, "बाईमाणूस तिथे तंबूत कुठे राहणार?"

"मी त्यांना विचारलं होतं," त्या सांगत, "बापयमाणूस कुठे राहतो? ते म्हणाले, तंबूतच. म्हटलं, मग तंबूला काय माहीत आत कोण आहे ते?"

हे सांगताना त्या चिडत नसत. त्यांना चीड यायची ती वेगळ्याच गोष्टींची. चहात आलं नसलं की, कुणी नकाशाची घडी उलटी घातली की, आणि टीव्हीवर 'ढगफुटी' हा शब्द आला की. डोंगरात कुठेही पूर आला की बातमीवाले ढगफुटी म्हणत आणि मॅडम टीव्हीला उत्तर देत: "वर जाऊन बघितलंत का? ढग फुटला की तळं फुटलं?"

तळं फुटतं म्हणजे काय, हे मला कळलं ते बर्फाच्या लादीमुळे. एका रविवारी मी त्यांना विचारलं, तळं अडवून धरणारं बर्फाचं धरण फुटतं कसं, वितळून ना? त्यांनी नुसती मान हलवली. दुसऱ्या रविवारी उरण आली ती टोपलीबरोबर टेम्पोतून बर्फाची अख्खी लादी घेऊन. मॅडमनीच सांगून ठेवलं होतं.

घर आणि शेजारच्या शिंपीमास्तरांचं दुकान यांच्यामध्ये एक अरुंद बोळ होता, उताराचा, खाली फरशी घातलेला. मॅडमनी ती लादी बोळात आडवी बसवून घेतली. दोन्ही बाजूंना ओली पोती आणि चिखल ठासला. मग वरच्या बाजूने पाइप लावला.

"हा डोंगरातला ओढा," त्या म्हणाल्या. "आणि बाजूच्या दरीतून सरकत येऊन हा बर्फ त्याच्या वाटेत आडवा पडलाय. आता बघा."

पाणी साचत गेलं. लादीच्या निम्म्यापर्यंत आलं, मग आणखी वर. आम्ही तिघं वाकून बघत होतो. पाणी लादीच्या माथ्याजवळ आलं, पण अजून माथा बुडाला नव्हता, तेवढ्यात लादीचा एक कोपरा हलकेच वर उचलला गेला. खालून पाण्याची जीभ बाहेर आली आणि पुढच्या क्षणी सगळं तळं लादीखालून धडधडत निघालं.

"मंग तुटला कुठं तो?" उरण म्हणाली. "तो तं उठून उभा र्‍हायला."

"तेच तर," मॅडमचा चेहरा फुलला होता. "बर्फ पाण्यापेक्षा हलका. तो फुटत नाही, तरंगायला लागतो. पाऊल उचलतो. एकदा खालून वाट मिळाली की पाणी ती वाट रुंदावत नेतं. महिनोन्महिने साचलेलं काही तासांत मोकळं."

आमचं तळं तोवर मास्तरांच्या दुकानात शिरलं होतं. मास्तर दारात आले. पायजमा वर धरलेला, हातात कुणाची तरी अर्धी शिवलेली शेरवानी.

"मॅडम," ते शांतपणे म्हणाले, "एवढी मेहेरबानी करा. पुढच्या वेळी सैलाब आणायच्या आधी आवाज द्या."

मॅडमनी त्यांची माफी मागितली, स्वतः फरशी पुसून दिली आणि पुसता पुसता त्यांनाही सगळं समजावून सांगितलं. मास्तरांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "म्हणजे कसूर बर्फाची नाही, वाटेत घर बांधणाऱ्याची." मॅडमना ते इतकं आवडलं की त्या दिवसापासून चार लोकांत त्या मास्तरांना "आमचे सहकारी" म्हणू लागल्या.

मी संगणक घेतला आणि आमचं नातं बदललं. तोपर्यंत मी महिन्याच्या महिन्याला भाडं देणारा होतो. आता उपग्रहाचे फोटो घरबसल्या बघता येऊ लागले आणि माझी खोली त्यांची कचेरी झाली. मी यार्डातून धुळीने माखून परत यावं तर मॅडम माझ्या खुर्चीत. "जासई, जरा ते मोठं करा." मी मोठं करायचो. मळकट पांढऱ्यात एक निळा ठिपका. त्या नाक पडद्याला लावून बघत. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली होती, पगार कुणी देत नव्हतं, अहवाल कुणी मागत नव्हतं. पण रोज एकदा सगळ्या तळ्यांची विचारपूस केल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

एका मे महिन्यात त्या बराच वेळ एकाच फोटोकडे बघत राहिल्या. ते 'आडमुठं' होतं. हिमाचलातल्या एका आतल्या दरीत बाजूची हिमनदी पुढे सरकून मुख्य ओढ्याच्या वाटेत आडवी झाली होती. मागे निळा पट्टा, मागच्या महिन्यापेक्षा लांब.

त्यांनी जुन्या कचेरीत फोन लावला. त्यांच्या हाताखाली तयार झालेला एकजण आता साहेब होता. तो अदबीने म्हणाला, "मॅडम, आम्हीही पाहिलंय. रिपोर्ट वर गेलाय."

"वर म्हणजे कुठे? तळंसुद्धा वरच आहे. मी खालच्यांचं विचारतेय."

आठवडाभर त्या कुणाकुणाला फोन करत राहिल्या. मग एका सकाळी मला म्हणाल्या, "जासई, रजा टाका. आपल्याला जायचंय."

मी नाही म्हणू शकलो असतो. का म्हटलं नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. एक तर, साठी उलटलेल्या बाईने तिथे एकटीने जाणं मला पटत नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, इतके दिवस तो निळा पट्टा मीच रोज मोठा करून दाखवत होतो. मलाही आता झोप लागत नव्हती.

उरणने प्रवासासाठी सुके बोंबील बांधून दिले. "थंडीत आंगाला चांगले," म्हणाली, "नि तुमी दोघं सांबाळून रावा. मॅडमला उतारावर चालता येत नाय, ठावं हाय ना?" मला ठावं नव्हतं. चंदीगडच्या पुढच्या बसमध्ये त्या बोंबलांवरून भांडण झालं आणि कंडक्टरने ते टपावर टाकले. मॅडमचं सगळं लक्ष खिडकीबाहेर होतं. खिंड ओलांडल्यावर समोर बर्फाचे डोंगर आले तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, भरून आलं असेल.

"चक्कर येतेय," त्या म्हणाल्या. "मी यांना नेहमी वरून पाहिलंय. खालून एकही ओळखू येत नाही."

गाव दरीच्या वरच्या टप्प्यावर होतं, मटाराच्या शेतांमध्ये. तिथले प्रधान, म्हणजे म्हातारे सरपंच, आम्हाला घरी घेऊन गेले, खारट चहा दिला. मॅडमनी पिशवीतून छापील फोटो काढले आणि हिंदीत सगळं समजावायला सुरुवात केली. प्रधानांनी ते संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, त्यांना तळं माहीत आहे. गावातली पोरं दर पंधरवड्याला मेंढ्यांमागे तिथवर जाऊन बघून येतात. त्यांच्या आजोबांच्या काळात असंच पाणी आलं होतं. तेव्हा गाव नदीकाठी होतं. तेव्हाच ते वर आलं.

"हमें डर नहीं है, बहनजी," ते म्हणाले. "पानी हमारे घर तक नहीं आता."

मॅडमचा चेहरा उतरला. इतक्या लांबून आलो, आणि इथे सगळं ठाऊकच होतं. त्या उठून अंगणाच्या कडेला गेल्या आणि खाली बघू लागल्या. वरून बघायचं म्हणजे त्यांच्या सवयीचं काम. दूर खाली, नदीच्या अगदी पात्रालगत, दगडगोट्यांच्या सपाटीवर निळ्या ताडपत्र्यांची एक रांग होती. धूर निघत होता.

"ते कोण?" त्यांनी विचारलं.

"ते? ते लेबर आहे. रोडच्या कामाचं. दरवर्षी येतं, थंडीत जातं."

मॅडम तिथेच दगडावर बसल्या. मग मला म्हणाल्या, "मी इतकी वर्षं या दरीचे फोटो पाहिले. दर खेपेला अहवालात लिहिलं, पात्रालगत वस्ती नाही."

वस्ती झारखंडकडच्या मजुरांची होती. पुरुष, बायका, दोन तान्ही मुलं. आम्ही खाली गेलो तेव्हा दुपार होती. मॅडमना तो उतार झेपत नव्हता. बऱ्याच ठिकाणी त्या चक्क बसून घसरत आल्या. मुकादमाने आमचं ऐकलं आणि ठेकेदाराकडे बोट दाखवलं. ठेकेदार जीपमध्ये होता. माणूस वाईट नव्हता, घाईत होता.

"मॅडम, नदीकडे बघा. पाणी उलट कमी झालंय. घाबरायचं कशाला?"

"म्हणूनच घाबरायचं," मॅडम म्हणाल्या. "उन्हाळा चढतोय, बर्फ वितळतोय, आणि नदी आटतेय? मग पाणी जातंय कुठे?"

त्याने खांदे उडवले. वर पाणी नाही, सरपण नाही, रोज खालीवर करण्यात वेळ जाणार, काम पावसाआधी उरकायचंय. नेमकं कधी फुटणार ते सांगा, त्याच्या आदल्या दिवशी हलवतो.

मॅडमना खोटं बोलता आलं असतं. परवा, असं ठोकून दिलं असतं तरी चाललं असतं. पण त्या म्हणाल्या, "कधी ते मला माहीत नाही. उद्या किंवा दीड महिन्याने. कदाचित यंदा नाहीसुद्धा."

ठेकेदार हसला आणि जीप सुरू करू लागला. तेव्हा मॅडमनी आपली पिशवी उचलली आणि रांगेतल्या शेवटच्या ताडपत्रीखाली नेऊन ठेवली.

"मग मी इथेच राहते," त्या म्हणाल्या. "हे वाहून गेले तर कुणी विचारणार नाही. पण सरकारची पेन्शन खाणारी म्हातारी वाहून गेली तर चौकशी होईल. तुमचं नाव मी फोनवर सांगून ठेवलेलंच आहे."

ही मात्र थाप होती; फोन तिथे लागतच नव्हता. ठेकेदाराला ते माहीत होतं, मॅडमना नव्हतं. पण त्याने त्या बाईकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्याला कळलं की ही खरंच राहणार. ती रात्र आम्ही दोघांनी तिथे काढली. सकाळी प्रधान स्वतः खाली आले आणि म्हणाले, आमची एक जमीन पडीक आहे, तिथे तंबू लावा. संध्याकाळपर्यंत निळी रांग वर गेली.

इथपर्यंत सगळं छान होतं. पुढे दिवस जाऊ लागले आणि पाणी काही येईना. बायकांना पाणी भरायला खाली नदीवर जावं लागे, डबे घेऊन तो चढ चढावा लागे. फुलमनी नावाची एक तरणी बाई होती, अंगाने काटक, तोंडाने फटकळ. ती मॅडमच्या समोर डबा आपटायची. "बाढ़ कब आएगी, मैडम? घुटना पहले जाएगा हमारा."

दुसऱ्या दिवसापासून मॅडमनीही एक डबा उचलला. ज्या बाईला सपाट पनवेलमध्ये पायरी उतरताना कठडा लागायचा, ती त्या चढावरून अर्धा डबा पाणी आणू लागली. निम्मं सांडायचं. फुलमनी मागून ओरडायची, "छोड़िए, हम ले लेंगे," आणि मॅडम म्हणायच्या, "चल, चल, पुढे हो." त्या डब्यांच्या खेपांत त्यांची सगळ्यांशी ओळख झाली. सोमरा, बुधनी, एतवा, मंगल. कुणाचं मूल कितव्या महिन्यातलं, कुणाच्या घरी म्हातारी एकटी, सगळं त्यांना पाठ. रात्री जेवताना त्या मला एकेकाचं सांगत बसत. तळ्यांबद्दल त्या दिवसांत त्या फारशा बोललेल्या मला आठवत नाहीत.

माझी रजा संपली होती. मी तालुक्याच्या गावी जाऊन फोन करून ती वाढवून आलो. यार्डातला साहेब म्हणाला, नोकरी हवी आहे ना? मी मॅडमना म्हटलं, आता परत जाऊया. त्या म्हणाल्या, "तुम्ही जा. खरंच जा." मी गेलो नाही, पण दोन दिवसांनी निघायचं नक्की केलं.

त्यातल्या पहिल्याच दिवशी, दुपारी, सगळे जेवायला वर आले असताना, आधी वास आला. ओल्या मातीचा, उगाळल्यासारखा. तोवर वारा नव्हता, आणि एकाएकी दरीच्या वरच्या अंगाने वारा सुटला. मग आवाज. आमच्या यार्डात क्रेनवरून रिकामा कंटेनर निसटला की जो धक्का बसतो, तसे धक्के एकामागून एक, थांबायचं नावच नाही. पायाखालची जमीन थरथरत होती. धुळीचा लोट वळणावरून आत आला आणि त्याच्यामागे ते आलं.

मॅडम नदीकडे पाठ करून उभ्या होत्या. त्या माणसं मोजत होत्या. मोजत म्हणजे, नावं घेत होत्या. "सोमरा. एतवा. बुधनी, बाळ कुठंय? हां. मंगल." एकेकाच्या खांद्याला हात लावत त्या रांगेतून फिरल्या. मग थांबल्या.

"फुलमनी?"

मग बुधनीने खाली बोट दाखवलं. धुणं धुवायला गेली होती.

मॅडम चढाच्या वाटेकडे धावल्या. मी त्यांना दंडाला धरून अडवलं. त्यांनी हात हिसडला, मी पुन्हा धरला. त्या वाटेच्या तोंडाशी उभ्या राहून ओरडत होत्या, पण त्या आवाजात त्यांचा आवाज मलाही ऐकू येत नव्हता, नुसतं तोंड हलताना दिसत होतं. आणि मग वाटेच्या वळणावर आधी धुण्याचं ओलं बोचकं दिसलं आणि त्याखाली फुलमनी, अनवाणी, तोंड उघडं टाकून पळत येणारी. बोचकं तिने सोडलं नव्हतं.

ती वर पोचली तशी मॅडमनी तिला एक सणसणीत चापट दिली. आणि मग तिचं मनगट धरलं ते संध्याकाळपर्यंत सोडलंच नाही. जेवतानासुद्धा नाही. फुलमनी डाव्या हाताने जेवली.

आवाज ओसरल्यावर सगळे कडेला गेले. नदीवरचा पूल उरला नव्हता. नदीचं पात्र रुंद झालं होतं, नवे पांढरे धोंडे ठेवल्यासारखे पसरले होते. जिथे निळी रांग होती तिथे गुळगुळीत वाळू. ठेकेदार येऊन उभा राहिला, खाली बघत राहिला, मग कोपऱ्यात जाऊन ओकला. प्रधान हात जोडून काहीतरी पुटपुटत होते. मॅडमनी एकदा खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "चहा टाका कुणीतरी. आलं असेल तर घाला."

पनवेलला परतल्यावर त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. जुन्या कचेरीतून फोन आला तेव्हा दोन वाक्यांत आटोपलं. उरणने विचारलं, बोंबील पुरले का, तर म्हणाल्या, फुलमनीला फार आवडले. मला वाटलं, विषय संपला.

मग एका संध्याकाळी त्या वर आल्या. संगणकाकडे बघितलंही नाही. माझ्या कॉटच्या कडेला बसल्या आणि थोड्या अवघडून म्हणाल्या, "जासई, ते कसं दिसत होतं?"

"काय?"

"पाणी. येताना. इतकी वर्षं मी लिहीत आले, पुराची आघाडी अशी असते, एवढ्या उंचीची असते. सगळं गणिताने. प्रत्यक्ष कधी... आणि तेव्हा माझी पाठ होती. तुम्ही तर समोर होतात. रंग कसा होता? भिंतीसारखं आलं, की लोळत?"

मी सांगायला लागलो. काळं होतं, म्हटलं. भिंतीसारखं. वर झाडांचे ओंडके होते.

"त्या दरीत झाडं नाहीत," मॅडम म्हणाल्या.

मी थांबलो. आठवून पाहिलं. मला त्यांचा चेहरा आठवत होता, हलणारं तोंड, दंडावरची माझी बोटं, वळणावरचं बोचकं. नदी आठवेना. धूळ आत येईपर्यंत मी तिकडे बघत होतो, एवढं नक्की. त्यानंतर मी मॅडमकडेच बघत होतो.

"मीपण नाही पाहिलं," मी म्हणालो.

त्यांनी फोन काढला. मग म्हणाल्या, "फुलमनीला विचारूया." फुलमनीच्या मुकादमाचा नंबर त्यांच्याकडे होता. थंडी सुरू झाल्याने सगळे गावी परतले होते, फोन लागला. बऱ्याच हाका मारल्यावर फुलमनी आली. मॅडमनी फोन स्पीकरवर टाकला आणि तोच प्रश्न विचारला. तू तर सगळ्यात जवळ होतीस. कसं दिसत होतं?

"हम तो भाग रहे थे, मैडम," पलीकडून फुलमनी म्हणाली. "पीछे कौन देखता है?"

मॅडम हसायला लागल्या. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं तरी थांबेनात. पलीकडे फुलमनीही हसत होती, का ते न कळता. मग मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला, फोन जवळ ओढला आणि तिला विचारलं, गुडघा कसा आहे.